दहा रविवारांचा व्याकरणवर्ग, वाई : एका डीटीपीवालीचा अभिप्राय

मी वाईत एका छापखान्यात अकरा वर्षं डीटीपी करते. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, दहाव्या-तेराव्याची कार्डं हे माझं रोजचं काम. गेल्या वैशाखात एका पत्रिकेत माझ्या हातून एक अनुस्वार सुटला. मुलीच्या नावाखाली आजोबांचं नाव, पुढे ‘यांची नात’ आणि मग वडिलांचं नाव, पुढे ‘यांची कन्या’ असा मजकूर होता. आजोबांपुढे ‘यांची’ बरोबर आलं, वडिलांपुढे ‘याची’ छापलं गेलं. प्रूफ घरच्यांनी पाहिलं होतं, मीही पाहिलं होतं. पाचशे पत्रिका छापून, घडी घालून झाल्यावर मुलीचे वडील हातात एक पत्रिका घेऊन आले. माझ्या टेबलाशी उभे राहून हळू आवाजात म्हणाले, “ताई, माझ्या बापाला ‘यांची’ आणि मला ‘याची’? व्याह्यांच्या घरी ही कशी देऊ?”

पत्रिका पुन्हा छापल्या. मालकांनी माझे पैसे कापले नाहीत, ते एक शब्दही बोलले नाहीत. पण आठवडाभर मला नीट झोप लागली नाही. टिंब सुटलं याचं वाईट वाटत होतंच, त्याहून जास्त हे लागत होतं की ते टिंब तिथे का द्यायचं हे मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. अकरा वर्षं मी ते नजरेच्या सवयीने देत आले होते. ज्या गावात मराठी विश्वकोशाचं काम चालतं, ज्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला, त्या गावात बसून मी मराठी छापते आणि मला ‘यांची’ फोडून सांगता येत नाही, हे मनातून जात नव्हतं.

मग शेजारच्या मुलीने या वर्गाबद्दल सांगितलं. ती तलाठी भरतीची तयारी करते. दहा रविवार, सकाळी साडेआठ ते साडेदहा, फी बाराशे रुपये, त्यात ९६ पानांची झेरॉक्स पुस्तिका. जागा म्हणजे एका शाळेची वर्गखोली. शिकवणाऱ्या बाई हायस्कूलमधून निवृत्त झालेल्या. वर्गाला पाटी नाही, जाहिरात नाही, सगळं एकमेकांच्या सांगण्यावरून चालतं, म्हणून मीही इथे बाईंचं नाव लिहीत नाही. आम्ही सतरा जण होतो. नऊ भरतीची मुलं, एक अंगणवाडी सेविका (तिला अहवाल लिहायचे असतात), बँकेतून निवृत्त झालेले एक काका (ते आठवणी लिहितायत), लग्न होऊन विजापूरहून आलेली एक कानडी बोलणारी मुलगी, काही गृहिणी आणि मी.

पहिल्या रविवारी बाईंनी व्याख्या सांगितलीच नाही. फळ्यावर चार वाक्यं लिहिली :

वर मांडवात आला.
वर पाहा.
छपरावर कावळा बसलाय.
देवीने त्याला वर दिला.

“या चारही ठिकाणच्या ‘वर’ची जात सांगा.” भरतीची मुलं पाठांतरात तयार. एकदम म्हणाली, “शब्दयोगी अव्यय!” बाईंनी विचारलं, “मांडवात शब्दयोगी अव्यय आलं होय रे? मग अक्षता कुणावर टाकायच्या?” वर्ग हसला आणि मग शांत झाला. पहिल्या वाक्यात ‘वर’ म्हणजे नवरा मुलगा, म्हणून नाम. दुसऱ्यात ‘पाहा’ या क्रियापदाला ‘कुठे’ ते सांगतोय, म्हणून क्रियाविशेषण. तिसऱ्यात ‘छपरा’ला जोडून आलाय, म्हणून शब्दयोगी. चौथ्यात पुन्हा नाम, पण नवरा मुलगा नव्हे, वरदान. बाई म्हणाल्या, “शब्दाच्या कपाळावर जात लिहिलेली नसते. तो वाक्यात कुठलं काम करतोय ते आधी बघायचं.”

मी ‘वर’ हा शब्द दिवसातून दहा वेळा टाइप करते. ‘वधूवरांस’, ‘वर दिलेल्या पत्त्यावर’. तो असा चार बाजूंनी कधी बघितलाच नव्हता. त्या दिवशी घरी जाताना कृष्णेच्या घाटावर थोडा वेळ बसले आणि पत्रिकेतले बाकीचे शब्द मनात घोळवत राहिले.

शब्दांच्या आठ जाती शाळेत सगळ्यांनी पाठ केलेल्या असतात : नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी, केवलप्रयोगी. पहिल्या चार विकारी, म्हणजे लिंग, वचन, विभक्तीप्रमाणे रूप बदलणाऱ्या. उरलेल्या चार अविकारी. बाईंनी हे आठ खण आले कुठून तेही थोडक्यात सांगितलं. यास्क या प्राचीन भाषापंडिताने संस्कृतात चारच सांगितले होते : नाम, आख्यात, उपसर्ग, निपात. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण लिहिलं तेव्हा संस्कृत आणि इंग्रजी अशा दोन्ही व्याकरणांचा अभ्यास त्यांच्यामागे होता, आणि आपले आठ खण इंग्रजीच्या आठ खणांशी जुळतात ते उगाच नाही. फरक एवढाच की इंग्रजीतलं प्रिपोझिशन नामाच्या आधी येतं, आणि त्याच्या जागी असलेलं आपलं शब्दयोगी नामाच्या मागून येऊन त्याला चिकटतं. मोरो केशव दामल्यांचं १९११चं जाडजूड ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ बाई दर रविवारी पिशवीतून आणायच्या आणि टेबलावर ठेवायच्या. कुणी अडलं की त्यात बघायच्या, आणि कुठल्या पानावर बघितलं ते आम्हालाही दाखवायच्या.

माझ्या ‘यांची’चं उत्तर मला तिसऱ्या रविवारी मिळालं. विषय होता सामान्यरूप. नामाला किंवा सर्वनामाला प्रत्यय लागण्याआधी त्याचं रूप बदलतं, ते बदललेलं रूप म्हणजे सामान्यरूप. ‘घोडा’ला ‘ला’ थेट लागत नाही, आधी ‘घोड्या’ होतो, मग ‘घोड्याला’. शाळा, शाळेत. भाऊ, भावाला. पाणी, पाण्यात. आता अनेकवचन : मुलगा, मुलाला, मुलगे, मुलांना. बाईंनी ‘मुलां’च्या डोक्यावरच्या टिंबाभोवती खडूने गोल काढला आणि म्हणाल्या, “हे टिंब म्हणजे अनेकवचनाच्या सामान्यरूपाची खूण. आणि आपण मोठ्या माणसाला एक असला तरी अनेकवचनात बोलतो. वडील आला म्हणत नाही, वडील आले म्हणतो. म्हणून वडिलांना, सरांचा, यांची.”

मी हात वर केला आणि सगळ्या वर्गापुढे पत्रिकेची गोष्ट सांगितली. सांगताना आवाज कापत होता. बाईंनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “त्या माणसाला व्याकरण येत होतं गं. त्याला ते टिंब काय काम करतं ते कळत होतं, म्हणून तर तो आला.” मग मला म्हणाल्या, पुढच्या रविवारी एक कोरी पत्रिका घेऊन ये.

पुढचे दोन रविवार आम्ही ती एक पत्रिका शब्दशब्द करून वाचली. या वर्गाची शिफारस मी मुख्यतः त्या चार तासांसाठी करतेय. मजकूर नेहमीचाच : ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून…’पासून ‘…आपण सहकुटुंब, सहपरिवार उपस्थित राहून वधूवरांस शुभाशीर्वाद द्यावेत, ही विनंती’पर्यंत. यातून काय काय निघालं ते सगळं लिहायला बसले तर पुस्तिकाच होईल, थोडं सांगते.

‘श्रीकृपेकरून’मधलं ‘करून’ शब्दयोगी आहे, ‘कृपेमुळे’ या अर्थाचं; आणि ‘जेवण करून ये’मधलं ‘करून’ हे ‘कर’ या धातूपासून झालेलं, आधीची क्रिया सांगणारं. कितीतरी पत्रिकांत मी ‘श्री कृपे करून’ असं तीन तुकड्यांत टाकलंय. ‘सहकुटुंब’ उपस्थित कसं राहायचं ते सांगतं, म्हणून इथे ते क्रियाविशेषणाचं काम करतं. ‘आपण’ इथे आदराने समोरच्याला म्हटलंय, पण ‘चला, आपण जाऊ’मध्ये त्याच ‘आपण’मध्ये मीही येते आणि तूही, आणि ‘तो आपण होऊन आला’मध्ये त्याचा अर्थ ‘स्वतः’. ‘वधूवरांस’मधला ‘स’ आणि बोलण्यातला ‘ना’ एकाच कामाचे, एक जुन्या वळणाचा, एक रोजच्या वापरातला. ‘द्यावेत’वर तर वीस मिनिटं गेली. बहुतेक पत्रिकांत ‘शुभाशीर्वाद द्यावे’ असं असतं. शुभाशीर्वाद अनेक आहेत, क्रियापद त्यांच्यामागून चालतं, म्हणून ‘द्यावेत’. आणि ‘ही विनंती’मधलं ‘ही’ विशेषणाचं काम करतं, ‘ही आली’मधलं सर्वनाम आहे, ‘मीही येते’मधलं ‘ही’ आणखी तिसरंच. अंगणवाडीच्या ताई म्हणाल्या, “एवढ्या एका वाक्यात एवढी माणसं राबतायत!” मला ते फार आवडलं.

‘वाई येथे’चं कोडंही त्याच दिवशी निघालं. ‘येथे’ आपण सुटं लिहितो आणि ‘वाई’चं रूपही बदलत नाही. ‘वाईत’ म्हटलं की प्रत्यय चिकटतो, ‘वाईजवळ’ म्हटलं की शब्दयोगी चिकटतं, पण ‘वाई येथे’ तसंच राहतं. बाई म्हणाल्या, छापतेस तसंच छापत जा.

माझ्या कामात सगळ्यात जास्त बदल झाला तो स्पेसबारचा. शब्दयोगी अव्यय मागच्या शब्दाला जोडून लिहायचं हा नियम तसा साधा आहे. ‘घरासमोर’ जोडून, कारण ‘समोर’ इथे ‘घरा’ला बांधलंय. ‘समोर बस’ सुटं, कारण इथे ते एकटं क्रियापदाशी बोलतंय. आपल्या गावातल्या पाट्या बघा : ‘बँके समोर’, ‘मुलां साठी’, ‘शाळे जवळ’. ‘बँके’ हे रूप एकटं कुठे राहू शकतं का? त्याच्यापुढे काहीतरी चिकटणार म्हणूनच ते ‘बँक’चं ‘बँके’ झालंय. हे कळल्यापासून अर्धवट तोडलेला शब्द दिसला की माझा हात आपोआप मागे जाऊन मधली जागा पुसतो. पण मूळ रूप न बदलता चिकटणारेही आहेत : मीच, तोदेखील, रामसुद्धा. त्यांना शुद्ध शब्दयोगी म्हणतात. आता ‘पण’ घ्या. ‘आला पण बसला नाही’मध्ये ते दोन वाक्यं जोडतं, म्हणून सुटं. ‘मीपण येते’मध्ये ते ‘मी’ला चिकटतं. आणि ‘पण लावला’मध्ये ते नाम. एकाच शब्दाभोवती कधी जागा सोडायची आणि कधी नाही, हे आता मी त्याचं काम बघून ठरवते.

आणि ‘सुद्धा’ लिहिताना द आधी, ध नंतर. प्रसिद्ध, शुद्ध, वृद्ध, सगळीकडे तेच. आशीर्वादाचा रफार ‘वा’वर, ‘शी’वर नाही. माझ्या जुन्या फायलींमध्ये ‘आर्शिवाद’ शोधून पाहिला, ४३ ठिकाणी सापडला. सगळे दुरुस्त केले, रात्री उशिरापर्यंत बसून.

बाईंचा आणखी एक गुण सांगायलाच हवा. भरतीच्या मुलांपैकी एक माण तालुक्याकडचा पोरगा बोलता बोलता “म्या लिव्हलंय” म्हणाला आणि बाकीची पोरं हसली. बाईंनी हसणं थांबवलं आणि फळ्यावर ‘म्या’ लिहिलं. ‘मी’चं तृतीयेचं हे जुनं रूप, संतांच्या लिखाणात ‘म्यां’ म्हणून सापडतं. आज प्रमाण मराठीत ‘मी लिहिलं’ म्हणतो, तिथे ‘मी’ने आपलं वेगळं रूप सोडलंय, या मुलाच्या घरात ते अजून जिवंत आहे. “परीक्षेत ‘मी’ लिही, आणि घरी आईशी बोलतोस तसंच बोल,” असं त्या त्याला म्हणाल्या. त्या दिवसापासून तो पोरगा पहिल्या बाकावर बसायला लागला.

विजापूरच्या मुलीची अडचण निराळी. कानडीत माणसं सोडली की बाकी वस्तू एकाच लिंगात, मग आमच्याकडे खुर्ची ती, टेबल ते आणि आरसा तो का? बाई म्हणाल्या, याला पूर्ण पुरेल असा नियम नाही, मला आला तसाच तुला येईल, कानाने. पण एक युक्ती दिली : शब्द एकटा पाठ करू नकोस, ‘मोठी खुर्ची, मोठं टेबल, मोठा आरसा’ असा विशेषणासकट कर. मग तिने ‘वेळ’ विचारलं आणि आम्ही सगळेच गप्प झालो. ‘किती वेळ गेला’ आणि ‘किती वेळा आली ही वेळ’. काळाचा अवधी तो, ठरलेली घटका ती. मुहूर्ताची वेळ, फुकट गेलेला वेळ. मराठी आई असूनही मी हे कधी मुलाला सांगू शकले नसते.

सातव्या रविवारी काकांनी विचारलेला प्रश्न मला अजून आठवतो. “बाई, क्रियाविशेषण अविकारी म्हणता. मग ‘तो चांगला गातो’, ‘ती चांगली गाते’, इथे ‘चांगला’ गाण्याबद्दल सांगतंय आणि तरी बदलतंय. हे कसं?” बाईंनी दामले उघडले, थोडा वेळ वाचलं, आणि म्हणाल्या, “इथे खण गळतो, काका. काम क्रियाविशेषणाचं आणि रूप विशेषणाचं. भाषा आधी होती, खण नंतर आले.” शिकवणाऱ्या माणसाने असं खुलं बोलणं मला फार मोलाचं वाटलं. भरतीच्या मुलांना मात्र परीक्षेत काय लिहायचं ते हवं होतं, आणि त्यांचंही बरोबर होतं.

आता उणिवा. पहिली, वेळेची वाटणी. नाम, सर्वनाम आणि अव्ययं यांना सात रविवार मिळाले, क्रियापदाला दोनच. कर्तरी, कर्मणी, भावे हे तिन्ही प्रयोग एका तासात उरकले. ‘रामाने आंबा खाल्ला’ आणि ‘रामाने रावणास मारले’ यांतला फरक मला घरी येऊन स्वतः बसून सोडवावा लागला. पहिल्यात क्रियापद आंब्याच्या मागे जातं : चिंच असती तर ‘खाल्ली’ झालं असतं. दुसऱ्यात रावणाला ‘स’ लागलाय, म्हणून क्रियापद कुणाच्याच मागे जात नाही. सीता असो, राक्षस असोत, ‘मारले’ तसंच. एवढी सुंदर गोष्ट घाईत गेली याची मला हळहळ आहे.

दुसरी, शुद्धलेखनाचे नियम. साहित्य महामंडळाचे १९६२चे चौदा आणि १९७२ साली आलेले आणखी चार असे अठरा नियम शेवटच्या रविवारी एका दमात वाचले गेले. ‘वकील’चं ‘वकिलाला’ होतं पण ‘शरीर’चं ‘शरीरात’ होतं, कारण दुसरा शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आलाय, एवढं एकच उदाहरण नीट पोचलं. ज्याला मुद्रितशोधनासाठी शिकायचंय त्याला हे पुरणार नाही.

तिसरी, पुस्तिका. झेरॉक्सवर झेरॉक्स काढत आलेली, अक्षरं पुसट, आणि पान ३१वरच्या सामान्यरूपांच्या तक्त्यात ‘फूल – फुलाचा’ हे नेमकं उलटं, ‘फुल – फूलाचा’ असं. ज्या मुलाने तक्ता पाठ केला त्याने चुकीचं पाठ केलं. सराव चाचण्याही नाहीत. बसायला लहान मुलांचे बाक आहेत, दोन तासांनी गुडघे बोलायला लागतात. काकांनी तिसऱ्या रविवारपासून घरून खुर्ची आणली.

दोन महिन्यांत भरतीच्या परीक्षेचे मराठीचे गुण वाढवायचे असतील आणि ‘अधोरेखित शब्दाची जात ओळखा’ अशा प्रश्नांचा भरपूर सराव हवा असेल, तर हा वर्ग एकटा पुरणार नाही, जोडीला प्रश्नसंच हवाच. शेजारची मुलगी तेच म्हणते. पण जे रोज मराठी लिहितात, छापतात, मुलांना शिकवतात आणि ज्यांना आपलीच भाषा आतून बघायची आहे, त्यांनी जरूर जावं. बाराशे रुपयांत मला जे मिळालं ते अकरा वर्षांच्या नोकरीत मिळालं नव्हतं.

पुढचा वर्ग दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी सुरू होतोय. पुस्तिका मी बाईंकडून मागून घेतली आहे आणि छापखान्यातलं काम आटोपलं की रोज चार पानं नव्याने कंपोझ करते. पान ३१ दुरुस्त झालंय. प्रूफं बाई वाचतात, नंतर काका वाचतात, आणि तिसरं वाचन पत्रिकेतल्या त्या मुलीच्या वडिलांनी करावं म्हणून मी गेल्या आठवड्यात त्यांच्या घरी जाऊन विचारून आले. ते हो म्हणाले.